अंगणातली मर्सिडीज : कोणतं काम आपलं, कोणतं गॅरेजचं

दहा-बारा वर्षं वापरलेली मर्सिडीज, बीएमडब्ल्यू किंवा ऑडी आज नव्या मध्यम एसयूव्हीपेक्षा कमी पैशांत मिळते. कर्जत-खालापूर पट्ट्यात अशा गाड्या आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. काही जमिनीचा पैसा आल्यावर घेतलेल्या, काही मुंबईकरांनी फार्महाउसवर आणून ठेवलेल्या, काही पुण्याच्या डीलरकडून हौसेनं उचललेल्या. साजगावात कार्तिकी एकादशीला धाकट्या पंढरीची यात्रा भरते, सुक्या बोंबलांचे ढीग लागतात, आणि त्या गर्दीतूनच एखादी तीन टोकांच्या ताऱ्याची गाडी वाट काढत जाते. गाडी घेताना मोह किमतीचा असतो. पण गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. पन्नास लाखांची गाडी दहा लाखांना मिळाली तरी तिचा हेडलाइट, तिचा शॉकअब्सॉर्बर आणि तिचं कंट्रोल युनिट पन्नास लाखांच्या गाडीचंच असतं. पहिलं मोठं बिल हातात आलं की मालकाला हे कळतं, आणि मग गाडी विकायला काढली जाते.

ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादच्या उद्योजकांनी आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज गाड्या एकाच वेळी घेतल्या, सुमारे 65 कोटी रुपयांच्या. त्या खरेदीची बातमी देशभर गाजली. त्या गाड्यांनी आता पंधरा वर्षं ओलांडली आहेत. पंधरा वर्षांनी खासगी गाडीची नोंदणी नव्यानं करावी लागते, आणि 2022 पासून त्या नूतनीकरणाचं शुल्क मोटारीला पाच हजार, आयात केलेल्या मोटारीला चाळीस हजार रुपये आहे. म्हणजे जुनी आलिशान गाडी बाळगणं हा वेगळाच संसार आहे, आणि तो चालवायचा तर थोडं काम स्वतःच्या हाती घ्यावंच लागतं. साजगाव-खोपोलीकराला तर जास्तच, कारण या ब्रँडांचं कंपनीचं वर्कशॉप गाठायचं म्हणजे एक तर नवी मुंबई, नाही तर घाट चढून पुणे. दिवस मोडतो, टोल जातो, आणि साधा फिल्टर बदलायलाही हीच वारी.

एक सांगून टाकतो. स्वतः काम केल्यानं वाचतो तो पैसा मजुरीचा असतो असं बहुतेकांना वाटतं. मजुरी वाचते, पण ती किरकोळ. खरा पैसा वाचतो तो मोठा बिघाड होऊ न दिल्यानं, आणि गॅरेजात जाण्याआधीच दुखणं कुठं आहे हे माहीत असल्यानं. ज्यांना पाना हातात धरायचाच नाही, त्यांनीही हा लेख याच कारणासाठी वाचावा.

पाणी : इथला पहिला शत्रू

घाटपायथ्याच्या या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जर्मन गाडी पावसाला घाबरत नाही, तिच्या पाणी जाण्याच्या वाटा मोकळ्या असल्या तर. पुढच्या काचेखाली, वायपरच्या जाळीच्या आत एक पन्हाळीसारखी जागा असते. काचेवरून उतरलेलं पाणी तिथं जमतं आणि दोन्ही बाजूंच्या भोकांतून चाकांमागे पडतं. आंब्याखाली, वडाखाली गाडी उभी राहिली की तिथं पानं, मोहोर, काड्या साचतात. त्यांचा चिखल होतो, भोकं बुजतात, पाण्याची पातळी वाढते आणि ते केबिनमध्ये शिरतं. आता या गाड्यांची खोड अशी, की महागडी इलेक्ट्रॉनिक्स नेमकी खालीच बसवलेली असते. काही जुन्या ऑडींमध्ये कंट्रोल युनिट पुढच्या गालिच्याखाली असतं. बीएमडब्ल्यूच्या जुन्या एक्स-5 मध्ये डिकीच्या तळाशी पाणी साचून तिथले मॉड्यूल खराब होणं ही जगभर माहीत असलेली तक्रार आहे. काही जुन्या मर्सिडीजमध्ये दिव्यांपासून वायपरपर्यंत सगळं सांभाळणारा ‘सॅम’ नावाचा डबा बोनेटच्या कडेला, पाण्याच्या वाटेजवळच बसवलेला आहे. यातला एखादा डबा गेला की बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. आणि तो जातो कशानं? मूठभर सडक्या पानांनी.

म्हणून मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या वळवाआधी एक सकाळ यासाठी काढा. बोनेट उघडा, वायपरखालची प्लास्टिकची जाळी क्लिपा सोडवून काढा, हातानं कचरा उचला. कचरा पाणी मारून खाली ढकलू नका, तो भोकात जाऊन बसतो. काही ऑडींत भोकाला रबरी झडप असते. ती चिमटून मोकळी करावी लागते. जुन्या गाडीत ती काढूनच टाकणारे मेकॅनिक पुष्कळ आहेत, आणि मला त्यात काही गैर दिसत नाही. मग मगभर पाणी हळूहळू ओता आणि चाकामागे बघा. धार लागली पाहिजे. थेंब थेंब पडत असेल तर वाट अजून अडलेली आहे.

सनरूफचंही तसंच. सनरूफ पाणी अडवतं असा समज आहे. खरं तर ते पाणी आत घेतं आणि चार कोपऱ्यांतल्या नळ्यांतून बाहेर सोडतं. छत उघडून पुढच्या दोन कोपऱ्यांत बारीक भोकं दिसतील. त्यात गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी अलगद सारायची. फार्महाउसवर ती असतेच. टोकाची धार आधी लायटरनं वितळवून गोल करा. कॉम्प्रेसरची हवा मात्र मारू नका, आतली नळी सांध्यातून सुटते आणि मग छताचं अस्तर उतरवून काम करावं लागतं. छताच्या अस्तरावर पिवळसर डाग किंवा गालिच्याला कुबट वास ही पहिली सूचना. गालिचा दाबून बघा. या गाड्यांत गालिच्याखाली जाड फोम असतो. वरून कोरडं लागतं, खाली डबकं असतं.

रस्त्यावर पाणी साचलं असेल तर कितीही मोठी एसयूव्ही असली तरी हिंमत दाखवू नका. हवा ओढणारी नळी बऱ्याच गाड्यांत ग्रिलमागे, बेतानं उंच असते. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. पाणी दाबलं जात नाही, पिस्टनचा दांडा वाकतो आणि इंजिन संपतं. साध्या सर्वसमावेशक विम्यात हे नुकसान बहुतेक वेळा धरत नाहीत. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. घाटपायथ्याला राहणाऱ्याने ती घ्यावीच, हे माझं स्पष्ट मत आहे. तिचा हप्ता इंजिनाच्या बिलापुढे काहीच नाही.

उभी गाडी

फार्महाउसवरच्या गाडीचं दुसरं दुखणं म्हणजे ती उभी असते. शुक्रवारी रात्री येते, रविवारी जाते, किंवा महिनाभर शेडमध्येच. या गाड्या कुलूपबंद असतानाही थोडी थोडी वीज खात असतात. बॅटरी उतरली की डॅशबोर्डवर अशा काही सूचना दिसतात की वाटावं, सगळी गाडीच मेली. एअरबॅगचा दिवा, स्टिअरिंगचा दिवा, गिअरबॉक्सचा दिवा, सगळे एकदम. घाबरलेला मालक गाडी उचलून नेतो आणि निदानाचे पैसे भरतो. मूळ कारण कमी व्होल्टेज. म्हणून मल्टीमीटर हे पहिलं हत्यार घ्या. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीवर 12.5 व्होल्टच्या आसपास दिसलं तर ठीक, 12.2 च्या खाली असेल तर चार्ज करा, इंजिन चालू असताना 14 च्या पुढेमागे दिसलं तर अल्टरनेटर काम करतोय. चार्जर घ्यायचा तर ‘एजीएम’ बॅटरीला चालणारा, भरल्यावर आपोआप थांबणारा घ्या. बऱ्याच बीएमडब्ल्यू आणि काही मर्सिडीजमध्ये बॅटरी डिकीत असते, पण जोडण्यासाठी बोनेटखाली वेगळी टर्मिनलं दिलेली असतात. डिकीतल्या बॅटरीतून वायू बाहेर सोडणारी बारीक नळी असते. बॅटरी बदलताना ती परत जोडायची विसरू नका.

बीएमडब्ल्यूत आणि बऱ्याच नव्या ऑडींत नवी बॅटरी बसवली की गाडीच्या संगणकाला तसं सांगावं लागतं. नाही तर तो जुन्या, थकलेल्या बॅटरीच्या हिशेबानंच नवीला चार्ज करत राहतो आणि ती लवकर मरते. हे काम मोबाइलला जोडणाऱ्या चांगल्या स्कॅनरनं घरी होतं. एजीएमच्या जागी स्वस्तातली साधी बॅटरी टाकणं ही बचत नव्हे.

भातकापणी झाली की शेतातले उंदीर आडोसा शोधतात. बोनेटखाली ऊब असते. एका कुरतडलेल्या वायरिंगचं बिल वर्षभराच्या सर्व्हिसिंगएवढं होऊ शकतं. गाडी गवतात किंवा भाताच्या पेंढ्याजवळ उभी करू नका. इंजिन गार झाल्यावर बोनेट उघडं ठेवा, अंधार आणि आडोसा गेला की उंदीर टिकत नाही. तंबाखूची पानं ठेवणारे पुष्कळ आहेत. वास आहे तोवर उपयोग, पाऊस लागला की संपला. उंदीर खालून शिरू नये म्हणून जाळी लावणं हा उपाय सगळ्यात बरा.

ऑइल आणि फिल्टर : हे काम आपलंच

आता पाना. सुरुवात केबिन फिल्टरनं करा. कुठे तो डॅशबोर्डखाली असतो, कुठे ग्लव्ह बॉक्सच्या मागे, कुठे बोनेटमध्ये. दोन-चार स्क्रू, बाणाची दिशा बघून नवा सरकवायचा, झालं. गाडीच्या एसीला वास येतो म्हणून हजारोंची ‘एसी ट्रीटमेंट’ करून घेणाऱ्यांनी आधी हा फिल्टर बघावा. कोळशाचा थर असलेला घ्या. यात्रेतून सुकट आणि बोंबील गाडीतून नेणाऱ्यांना त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

इंजिनाचा एअर फिल्टर दुसरा. या भागात क्रशर आहेत, डंपर आहेत, कच्चे रस्ते आहेत. कंपनीच्या पुस्तकातला अंतराचा आकडा युरोपातल्या रस्त्यांकडे बघून आलेला असतो. दिवाळीनंतर धूळ सुरू होते, तेव्हा एकदा काढून बघा. झटकून परत बसवायचा मोह टाळा.

तिसरं इंजिन ऑइल. इथं मात्र नीट लक्ष द्या. डब्यावरचा ‘5 डब्ल्यू 30’ हा आकडा पुरेसा नाही. मर्सिडीजच्या डिझेलला ‘एमबी 229.51’ किंवा ‘229.52’, बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच डिझेलना ‘लाँगलाइफ-04’, ऑडी-स्कोडा-फोक्सवॅगनच्या बऱ्याच डिझेलना ‘507.00’ असं मान्यतेचं नाव लागतं. हे ऑइल जळताना राख कमी होते, म्हणून धूर गाळणारा डीपीएफ फिल्टर टिकतो. आपल्या गाडीला कोणतं लागतं ते मालकाच्या पुस्तकात असतं. तेच शब्द डब्याच्या पाठीमागे आहेत का ते वाचा.

मर्सिडीजचं 2.1 लिटरचं डिझेल इंजिन (सी 220, ई 250 यांत सर्रास दिसणारं ओएम 651) नवशिक्यासाठी सोपं आहे. ऑइलचा फिल्टर वरून काढता येतो, आणि डिपस्टिकच्या नळीतून व्हॅक्यूम पंपानं ऑइल ओढून घेता येतं. गाडीखाली शिरावंच लागत नाही. इंजिन कोमट करा, फिल्टरचं झाकण आधी सैल करा म्हणजे त्यातलं ऑइल खाली उतरेल, मग नळी सोडून ओढा. साधारण साडेसहा लिटर निघतं. जितकं निघालं ते मापून ठेवा. फिल्टरबरोबर आलेली रबरी रिंग नव्या ऑइलचं बोट फिरवून बसवा. झाकण किती ताणायचं तो आकडा बहुधा झाकणावरच लिहिलेला असतो. हातानं अंदाज करू नका, झाकण प्लास्टिकचं आहे. ऑइल आधी थोडं कमीच घाला, इंजिन चालवून थांबवा, काही मिनिटांनी पातळी बघा, मग वाढवा. जास्त ऑइल कमीइतकंच वाईट. बऱ्याच बीएमडब्ल्यूंना डिपस्टिकच नसते, तिथं खालून बोल्ट काढूनच काम करावं लागतं.

हिशेब ढोबळच मांडतो, कारण भाव हलतात. मान्यतेचं सिंथेटिक ऑइल लिटरला हजार धरा, साडेसहा हजार झाले. नामांकित कंपनीचा ऑइल फिल्टर हजार, एअर आणि केबिन फिल्टर मिळून चार. अकरा-साडेअकरा हजारांत वर्षाची सर्व्हिसिंग होते. हा आकडा कागदावर लिहा आणि वर्कशॉपच्या मागच्या बिलाशेजारी ठेवा. फरक तुमचा तुम्हालाच दिसेल. आणि बिल नीट वाचा. ‘इंजिन फ्लश’, ‘थ्रॉटल क्लीनिंग’, ‘इंजेक्टर ट्रीटमेंट’, ‘अंडरबॉडी’, ‘कन्झ्युमेबल्स’ अशा ओळी असतील. यातलं बरंचसं कंपनीच्या वेळापत्रकात नसतंच. काम देण्याआधी लेखी अंदाजपत्रक मागा आणि नको त्या ओळीवर काट मारा. पाना न उचलता होणारी ही सगळ्यात मोठी बचत.

माल कुठून घ्यायचा

मर्सिडीज स्वतः फिल्टर बनवत नाही, बीएमडब्ल्यू ब्रेक पॅड बनवत नाही. मान, माहले, हेंग्स्ट फिल्टर करतात. बॉश, आटे, टेक्स्टार, ब्रेम्बो ब्रेकचा माल करतात. लेमफोर्डर, साक्स सस्पेन्शनचा. तोच कारखाना गाडीच्या कंपनीलाही देतो आणि स्वतःच्या नावानं बाजारातही विकतो. फरक खोक्याचा आणि किमतीचा. यातल्या काहींचे कारखाने तर आपल्या दारात आहेत, ब्रेम्बो चाकणला, बॉश नाशिकच्या सातपूरला. मर्सिडीज गाड्याही चाकणलाच जुळवल्या जातात.

माल मागताना गाडीचं नाव सांगू नका, पार्ट क्रमांक सांगा. गाडीचा सतरा अक्षरी चासिस क्रमांक घेऊन ऑनलाइन कॅटलॉगमध्ये आधी तो क्रमांक शोधा. बीएमडब्ल्यूसाठी असे कॅटलॉग फुकट बघता येतात. एकाच वर्षाच्या दोन गाड्यांत ब्रेकची डिस्क वेगळी असू शकते. मग त्या क्रमांकावर ऑनलाइन भाव बघा, मुंबईत ऑपेरा हाउसच्या आणि पुण्यात नाना पेठेतल्या दुकानांना फोन लावा. कुर्ल्याच्या बाजारातला जुना काढलेला माल आरसा, दरवाज्याचं हँडल, प्लास्टिकची पट्टी यांसाठी ठीक, ब्रेक आणि स्टिअरिंगसाठी कधीच नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक सुट्या भागांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे. दुकानदारानं जुना दर लावलेला नाही ना, एवढं बघा.

बाहेर काम केलं की वॉरंटी जाईल अशी भीती घातली जाते. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना मिळून 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यांत मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, स्कोडा, फोक्सवॅगन होत्या. मुद्दा हाच होता, सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजांना न देणं. स्वतंत्र गॅरेजात गेलात तर वॉरंटी सरसकट रद्द, अशी अट घालू नका असंही आयोगानं सांगितलं. पुढे अपिलं झाली, दंडाचं प्रकरण लांबलं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं संकेतस्थळही सुरू केलं. तरीही माझा सल्ला व्यवहारी आहे. वॉरंटी चालू असेल तर ऑइल-फिल्टरलाही हात लावू नका, भांडत बसण्यात वाचलेल्या पैशाहून जास्त जातो. हा लेख वॉरंटी संपलेल्या गाड्यांसाठी आहे.

स्कॅनर

मल्टीमीटरनंतरचं दुसरं हत्यार स्कॅनर. हजार रुपयांचा साधा डोंगल फक्त इंजिनाचे कोड वाचतो. एअरबॅग, गिअरबॉक्स, सस्पेन्शन त्याला दिसत नाही. आपल्या ब्रँडसाठी केलेला घ्या. ऑडी-स्कोडाला ‘व्हीसीडीएस’ किंवा ‘ओबीडी-इलेव्हन’, बीएमडब्ल्यूला ‘कार्ली’ किंवा ‘बिमरलिंक’, मर्सिडीजला ‘आयकारसॉफ्ट’ यांसारखा. पहिल्याच मोठ्या दुरुस्तीत त्याचे पैसे वसूल होतात. कोड म्हणजे निकाल नव्हे, एवढं ध्यानात ठेवा. ‘ऑक्सिजन सेन्सर’चा कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं नाही, फाटलेली रबरी नळीही तो आणते. पण कोडचा फोटो घेऊन गॅरेजात गेलात, तर समोरचा बोलतो वेगळ्या सुरात. कोड पुसून टाकण्याआधी लिहून मात्र घ्या.

कान हेही साधन आहे. बीएमडब्ल्यूच्या एन 47 डिझेल इंजिनात, विशेषतः 2007 ते 2011 च्या, टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे आणि ती झिजण्याची तक्रार जगजाहीर आहे. सकाळी गार इंजिन चालू करताना मागच्या बाजूनं खरखर येत असेल तर गाडी चालवू नका. चेन बदलण्याचं बिल मोठं, पण तुटलेल्या चेननंतरचं त्याहून कितीतरी मोठं. अशी गाडी विकत घेणार असाल तर गार इंजिन ऐकल्याशिवाय घेऊ नका. मालकानं आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या.

घाट आणि ब्रेक

खंडाळ्याचा घाट उतरताना दोन टनांची गाडी फक्त ब्रेकवर धरणारे लोक पॅड आणि डिस्क दोन्ही जाळतात. शिंग्रोबाच्या देवळापासून खाली जुन्या रस्त्यानं येताना गिअर मॅन्युअलवर घ्या, दुसरा-तिसरा ठेवा, इंजिनालाच गाडी धरू द्या. एकही रुपया न घालता होणारी ही देखभाल.

पुढचे पॅड बदलणं घरी जमण्यासारखं आहे, पण हात बसल्यावर, आणि पहिल्यांदा जाणत्या मेकॅनिकशेजारी बसून. गाडी केवळ जॅकवर असताना तिच्याखाली हातसुद्धा घालू नका. खाली घोडी (जॅक स्टँड) लावाच. जमीन कोब्याची हवी. पावसाळ्यानंतरच्या मुरमाच्या अंगणात घोडी रुतते, आणि शहाबादी फरशी तडकते. चाकाचे बोल्ट टॉर्क पान्यानं आवळा. चोरी रोखणारा बोल्ट काढायची खास गोटी डिकीत आहे ना, हे पंक्चर होण्याआधी बघून ठेवा. मागच्या चाकांना इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर स्कॅनरनं आधी तो सर्व्हिस स्थितीत न्यावा लागतो. हवेच्या सस्पेन्शनची गाडी उचलण्याआधी मेनूतून जॅकची स्थिती निवडावी लागते.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं. ते हवेतला ओलावा शोषतं आणि इथं ओलाव्याला तोटा नाही. नवं डॉट-4 ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा शोषल्यावर ही हमी 155 वर येते. घाटात तापलेल्या ब्रेकला हा फरक जीवघेणा ठरू शकतो. हे काम मात्र गॅरेजला द्या. एबीएसच्या पंपातली हवा काढायला यंत्र लागतं.

एडब्लू

एप्रिल 2020 नंतरच्या बऱ्याच बीएस-6 डिझेल आलिशान गाड्यांना एडब्लू लागतं. हे साडेबत्तीस टक्के शुद्ध युरियाचं द्रावण आहे. पंपावर डब्यात मिळतं, निळ्या झाकणाच्या तोंडातून घरीच ओतता येतं. शेतात टाकायचा युरिया पाण्यात विरघळवून ओतण्याची कल्पना कुणी सुचवली तर हात जोडा. खताच्या युरियाला कडुलिंबाचा लेप असतो, अशुद्धी असतात, आणि त्यानं लाखमोलाची यंत्रणा बंद पडते. एडब्लू डिझेलच्या टाकीत पडलं तर इंजिन चालूच करू नका. आणि डीपीएफची गाडी साजगाव ते खोपोली स्टेशन एवढीच फिरत असेल तर महिन्यातून दोनदा तरी एक्सप्रेस-वेवर वीसेक मिनिटं एका वेगानं चालवा. आतली काजळी त्यानं जळते.

कुठं थांबायचं

पिवळे कनेक्टर एअरबॅगचे, त्यांना हात नाही. नारिंगी वायरी हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीतल्या उच्च दाबाच्या, त्यांना तर अजिबात नाही. 2002 ते 2006 च्या ई-क्लासमध्ये ‘एसबीसी’ नावाचा ब्रेक आहे. तो निकामी करून ठेवल्याशिवाय पॅड काढले तर गाडी स्वतःहून दाब देते आणि बोटं जातात. एसीचा गॅस, टायमिंगचं काम, डिझेलच्या उच्च दाबाच्या नळ्या, हे सगळं बाहेर.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइलही बाहेरच, पण ते बदलायचं हे तुम्ही ठरवा. कंपन्या त्याला आयुष्यभराचं ऑइल म्हणतात. बीएमडब्ल्यूला आठ गिअरचा बॉक्स पुरवणारी ‘झेडएफ’ स्वतः मात्र 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी बदलायला सांगते. ऑडीच्या मल्टिट्रॉनिकला आणि सहा गिअरच्या ओल्या क्लचच्या डीएसजीला तर साठ हजारांचा नियम आहे. पातळी ठरावीक तापमानाला, गाडी सपाट उचलून बघावी लागते, म्हणून अंगणात नको. हे ऑइल वेळेवर बदललेलं असणं ही जुन्या गाडीतली मोठी बचत.

अशी कामं करणारा एक स्वतंत्र मेकॅनिक आधीच शोधून ठेवा. नवी मुंबईत आणि पिंपरी-चिंचवडात केवळ जर्मन गाड्या करणारी गॅरेजं आहेत. बंद पडल्यावर शोधायला लागलात तर जो सापडेल तो देव. आणि गाडी न्यायची वेळ आली तर फ्लॅटबेडवरच न्या. दोर लावून ओढलेली ऑटोमॅटिक गाडी आणखी एक बिघाड घेऊन पोचते.

केलेल्या प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर, पार्ट क्रमांक वहीत लिहा आणि पावत्या जपा. अशा वहीची गाडी विकताना जास्त भाव देते, कारण घेणाराही तुमच्यासारखाच घाबरलेला असतो.

राहिलं जुनं ऑइल. कायद्यानं ते घातक कचऱ्यात मोडतं. ते कुंपणाच्या खांबाला फासू नका, शेताच्या बांधावर ओतू नका, ओढ्यात तर नाहीच. इथले ओढे पाताळगंगेला मिळतात आणि त्या नदीचं पाणी खाली रसायनीपर्यंत माणसं आणि कारखाने वापरतात. नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यांत जुनं ऑइल भरा आणि जे गॅरेज अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला ते देतं, त्याच्याकडे नेऊन द्या.